सर्व्हरचं ऑनबोर्ड नेटवर्क कार्ड दिसत नाही: बोर्ड बाद ठरवण्याआधी काय तपासायचं

सर्व्हर सुरू होतो, पंखे फिरतात, डिस्क ओळखल्या जातात, लॉगिनही होतं. नेटवर्क मात्र नाही. इंटरफेसची यादी उघडावी तर त्यात नुसता लूपबॅक (मशीनचा स्वतःशीच बोलणारा आभासी इंटरफेस). ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की कुणी पहिलं वाक्य बोललं की पुढचे प्रश्न ठरलेल्या क्रमानेच विचारतो. तो क्रम इथे लिहून ठेवतो आहे. बहुतेक माणसं पहिल्याच तासात "ऑनबोर्ड कार्ड गेलं, बोर्ड बदलावा लागेल" या निष्कर्षाला येतात आणि माझ्या अनुभवात तो निष्कर्ष बऱ्याचदा चुकीचा निघतो. कार्ड जागेवर असतं. ते कुठल्या टप्प्यावर अडकलं आहे, एवढंच शोधायचं असतं.

एक सूचना आधीच. कमांड आणि ड्रायव्हरची नावं मी अक्षरांच्या उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायची.

लक्षणं: तुमची तक्रार नेमकी कोणती?

"कार्ड दिसत नाही" असं सगळेच म्हणतात, पण त्याखाली वेगवेगळे बिघाड असतात. आधी आपलं लक्षण ओळखा.

- पोर्टचे दिवे विझलेले, बायोसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगच्या पानावर) मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीसीआय यादीतही (बोर्डाला जोडलेल्या उपकरणांच्या यादीतही) कार्ड नाही.
- पीसीआय यादीत कार्ड आहे, पण इंटरफेस तयार झालेला नाही. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह.
- इंटरफेस आहे, पण त्याचं नाव बदललं आहे. त्यामुळे जुनी सेटिंग लागू होत नाहीत आणि पाहणाऱ्याला कार्डच नाही असं वाटतं.
- सुरू केल्यावर कार्ड दिसतं आणि काही तासांनी किंवा ट्रॅफिक वाढल्यावर गायब होतं.
- दोन किंवा चार पोर्टांपैकी एखादाच पोर्ट गायब आहे.
- व्हर्च्युअल मशीन सुरू केली की त्याच क्षणी होस्टचं, म्हणजे तिला चालवणाऱ्या सर्व्हरचं, नेटवर्क जातं.

शेवटचं लक्षण असेल तर हार्डवेअरकडे पाहूच नका, थेट ड्रायव्हरच्या भागाकडे जा. एखादाच पोर्ट गायब असेल तरी धीर धरा. चार पोर्टांची चिप बहुधा एकच असते, त्यामुळे तीन पोर्ट चालत असताना चिपच मेली असण्याची शक्यता कमी. अशा वेळी मी आधी बायोसमधलं त्या पोर्टचं सेटिंग बघतो.

पहिली तपासणी: केबल खरंच लॅनच्या पोर्टात आहे का?

हे वाचून कुणी रागावू नये. सर्व्हरच्या मागे दिसायला अगदी सारखे तीन-चार पोर्ट असतात आणि त्यातला एक पोर्ट व्यवस्थापनाचा, म्हणजे बीएमसीचा असतो. तो सर्व्हरवरच्या एका स्वतंत्र छोट्या संगणकाला जोडलेला असतो. ऑपरेटिंग सिस्टिमला तो पोर्ट कधीच दिसत नाही आणि दिसायचाही नसतो. केबल तिथे असली की दिवे लागतात, स्विचवर लिंक दिसते, सिस्टिमला मात्र काहीच कळत नाही. रॅकमध्ये सर्व्हर हलवल्यानंतर हे हमखास होतं. बीएमसीच्या पोर्टाजवळ बहुधा पाना किंवा तसंच काही छोटं चिन्ह असतं, नाहीतर बोर्डाच्या माहितीपत्रकात मागच्या बाजूचं चित्र बघा.

दिव्यांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सर्व्हर बंद असतानाही लॅनच्या पोर्टाचा दिवा लागत असेल, तर चिपच्या निदान एका भागाला वीज मिळते आहे. ही चांगली खूण. दिवा अजिबात लागत नसेल तर केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून बघा, पण त्यावरून निकाल देऊ नका. काही बोर्डांवर वेक ऑन लॅन (नेटवर्कवरून सर्व्हर चालू करण्याची सोय) बंद असलं की सर्व्हर बंद असताना दिवेही बंद राहतात.

दुसरी तपासणी: पीसीआय यादीत कार्ड आहे की नाही?

सगळ्या शोधाची वाट इथे फुटते. दहा सेकंदांचं काम, सर्व्हर बंदही करावा लागत नाही.

लिनक्सवर "एलएसपीसीआय" कमांडला हायफन एनएन आणि हायफन के हे दोन पर्याय जोडून चालवा. ज्या ओळीत "इथरनेट कंट्रोलर" आणि वर्ग क्रमांक ०२०० आहे, ती आपली ओळ. तिच्या शेवटी चौकोनी कंसात उत्पादक आणि उपकरणाचे क्रमांक असतात. इंटेलचा ८०८६, ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी, मेलानॉक्सचा १५बी३. तो क्रमांक कागदावर लिहून घ्या, पुढे लागेल. विंडोजवर हेच क्रमांक डिव्हाइस मॅनेजरमध्ये उपकरणाच्या "डीटेल्स" टॅबवर "हार्डवेअर आयडीज" या नावाखाली मिळतात.

ही ओळ एवढी महत्त्वाची का, ते सांगतो. सर्व्हर सुरू होताना फर्मवेअर (हार्डवेअरमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर, इथे बायोस) पीसीआयच्या प्रत्येक जागेला विचारत जातं, "इथे कोण आहे?" चिप जागी असेल तर ती आपला क्रमांक सांगते. कुणीच उत्तर दिलं नाही तर वाचताना सगळे बिट एक येतात आणि ती जागा रिकामी धरली जाते. म्हणजे यादीत ओळ आहे याचा अर्थ चिपला वीज मिळते आहे, तिचा घड्याळाचा सिग्नल चालू आहे, पीसीआयची लिंक जुळली आहे आणि चिपने स्वतःची ओळख दिली आहे. तेवढं झालं असेल तर पुढचा दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. ओळ नसेल तर ड्रायव्हर कितीही वेळा टाका, काही होणार नाही. ज्याने उत्तरच दिलं नाही त्याला ड्रायव्हर कुठून सापडणार? यादीत नसलेल्या कार्डासाठी तीन तीन तास ड्रायव्हर शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे इतकं ठासून सांगतो आहे.

यादीत कार्ड आहे: आधी नाव बघा

इंटरफेसची यादी दाखवणारी "आयपी लिंक" कमांड चालवा. ईनो१ च्या जागी ईएनपी४एस० असं काही दिसतंय का? मग कार्ड हरवलेलं नाही, त्याचं नाव बदललं आहे.

सिस्टमडीच्या (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीच्या) १९७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, इंटरफेसची नावं कार्डाच्या जागेवरून ठरू लागली. ईनो१ हे नाव फर्मवेअरने दिलेल्या ऑनबोर्ड क्रमांकावरून येतं, ईएनपी३एस० हे पीसीआय बस ३, स्लॉट ० यावरून. आता तुम्ही एखादं ग्राफिक्स कार्ड किंवा एनव्हीएमई डिस्क लावली की बसचे क्रमांक सरकू शकतात, तीनचा चार होतो, आणि नेटप्लॅनमध्ये (उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये) लिहिलेलं जुनं नाव कुणालाच लागू पडत नाही. बायोस अपडेटनंतरही असं होतं. तक्रार "नवं कार्ड लावलं आणि ऑनबोर्ड लॅन मेलं" अशी येते, पण मेलेलं काही नसतं.

बोर्ड बदलल्यावर याच जातीचा दुसरा घोळ होतो. जुन्या लिनक्सवर नाव आणि मॅक अ‍ॅड्रेस यांची जोडी एका नियमांच्या फाइलमध्ये लिहून ठेवलेली असते. नव्या बोर्डाचा मॅक वेगळा, म्हणून ईटीएच० हे नाव जुन्या कार्डासाठी राखलेलं राहतं आणि नवं कार्ड ईटीएच१ म्हणून येतं. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मॅक अ‍ॅड्रेस लिहिला असेल तर तोही बदला. डीएचसीपी सर्व्हरवरचं (आयपी पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरवरचं) आरक्षण आणि मॅकला बांधलेली लायसन्स तपासायलाही विसरू नका.

यादीत कार्ड आहे, इंटरफेस नाही: ड्रायव्हर

हायफन के दिलं असेल तर कार्डाच्या ओळीखाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" आणि "कर्नल मॉड्यूल्स" अशा दोन ओळी असाव्यात. पहिली नसेल तर कार्डाला कुणी हात लावलेला नाही.

नेहमी भेटणाऱ्या जोड्या अशा. इंटेल आय२१९ ला ई१०००ई, आय२१० आणि आय३५० ला आयजीबी, आय२२५ आणि आय२२६ ला आयजीसी, एक्स५४० आणि एक्स५५० ला आयएक्सजीबीई, एक्स७१० ला आय४०ई, ई८१० ला आइस. ब्रॉडकॉम ५७१९ आणि ५७२० ला टीजी३. आपल्या कार्डाचा ड्रायव्हर "मॉडप्रोब" कमांडने हाताने चढवून बघा आणि लगेच "डीएमईएसजी"च्या, म्हणजे कर्नलच्या लॉगच्या, शेवटच्या ओळी वाचा. बिघाडाचं कारण तिथे बहुतेक वेळा स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच वाचत नाहीत.

मला वारंवार सापडलेली कारणं ही.

कर्नल (लिनक्सचा गाभा) जुना आणि चिप नवी. आयजीसी ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये ४.२० पासून आला. त्याआधीच्या कर्नलला आय२२५ म्हणजे काय ते माहीतच नाही.

कर्नल नवा, पण हलका. क्लाउड किंवा व्हर्च्युअल मशीनसाठीच्या कर्नलमध्ये खऱ्या हार्डवेअरचे बरेच ड्रायव्हर मुद्दाम वगळलेले असतात. उबुंटूवर अनेक ड्रायव्हर "मॉड्यूल्स एक्स्ट्रा" या वेगळ्या पॅकेजात असतात. व्हर्च्युअल मशीनची प्रतिमा (तयार डिस्क इमेज) तशीच प्रत्यक्ष सर्व्हरवर उतरवली की हा प्रश्न येतो.

फर्मवेअरची फाइल नाही. ब्रॉडकॉमच्या बीएनएक्स२ आणि बीएनएक्स२एक्स या ड्रायव्हरना डिस्कवरून फर्मवेअर वाचावं लागतं. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये अशा मुक्त नसलेल्या फर्मवेअर फाइल २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून आल्या. त्याआधीची आवृत्ती टाकत असाल तर त्या पेनड्राइव्हवर वेगळ्या द्याव्या लागतात.

सिक्युअर बूट, म्हणजे सही केलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारं सेटिंग. उत्पादकाकडून आणलेला किंवा स्वतः बांधलेला ड्रायव्हर सही केलेला नसेल तर कर्नल तो घेत नाही आणि "की" नाकारल्याचा संदेश देतो. कर्नल अपडेट झाल्यावर असा बाहेरचा ड्रायव्हर पुन्हा बांधला गेला नाही तरीही कार्ड एका रीस्टार्टनंतर अचानक जातं. जुन्या कर्नलने बूट करून बघा, कार्ड आलं तर उत्तर मिळालं.

कार्ड दुसऱ्याने धरून ठेवलं आहे. वापरातला ड्रायव्हर "व्हीएफआयओ-पीसीआय" दिसत असेल तर कार्ड व्हर्च्युअल मशीनला देऊन टाकलेलं आहे. पासथ्रू करताना, म्हणजे उपकरण थेट मशीनच्या हवाली करताना, आयओएमएमयूचा (उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवणाऱ्या हार्डवेअरचा) अख्खा गट जातो, एकटं उपकरण जात नाही. तुम्ही दिलं फक्त ग्राफिक्स कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर, पण ऑनबोर्ड लॅन त्याच गटात असेल तर तेही होस्टच्या हातातून सुटतं. वर लिहिलेलं "मशीन सुरू केली की होस्टचं नेटवर्क जातं" हे लक्षण इथलंच. मशीनचं आपोआप सुरू होणं बंद करा, मॉनिटर आणि कीबोर्ड लावून पासथ्रूची ओळ काढा.

ईएसएक्सआय (व्हीएमवेअरची व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी वेगळं. २०२० च्या ७.० आवृत्तीत जुन्या लिनक्स पद्धतीच्या ड्रायव्हरचा आधार काढून टाकला गेला. ६.७ वर जुन्या किंवा बाहेरून घातलेल्या ड्रायव्हरवर चालणारं कार्ड अपग्रेडनंतर गायब होऊ शकतं आणि इन्स्टॉलर नेटवर्क अ‍ॅडॉप्टर नाही म्हणून थांबतो. बोर्ड ठीक असतो, त्या कार्डाला तिथे ड्रायव्हर उरलेला नसतो. अपग्रेडआधी सुसंगततेची यादी बघणं हाच उपाय.

विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमधला त्रुटीचा कोड वाचा. २८ म्हणजे ड्रायव्हर नाही, २२ म्हणजे कुणीतरी बंद केलं आहे, १० म्हणजे सुरू होता आलं नाही, ४३ म्हणजे उपकरणानेच दोष कळवला, ४५ म्हणजे आत्ता जोडलेलंच नाही. ४५ दिसला तर यादीत कार्ड नसल्यासारखंच समजा. आणि डेस्कटॉपचा बोर्ड सर्व्हर म्हणून वापरत असाल तर आय२१९-व्ही सारख्या घरगुती चिपसाठी इंटेलचा इन्स्टॉलर विंडोज सर्व्हरवर नकार देतो. चिप तीच, पण त्या सिस्टिमसाठी ती मान्य केलेली नाही.

ड्रायव्हर उतरवायला नेटवर्कच नाही, ही अडचण असेल तर यूएसबीचं लॅन अ‍ॅडॉप्टर जवळ ठेवा. मी ते बॅगेतून काढतच नाही.

यादीत कार्ड नाही: आधी वीज पूर्ण काढा

इथून पुढे सर्व्हर बंद करावा लागेल, त्यामुळे कामाचा सर्व्हर असेल तर वेळ ठरवून घ्या आणि बॅकअप झाल्याची खात्री करा.

ही पायरी बिनखर्चाची आहे आणि यादीतून गायब झालेल्या कार्डांपैकी सर्वांत जास्त मी हिच्याच जोरावर परत आणली आहेत. रीस्टार्ट करून लॅनची चिप रीसेट होतेच असं नाही. शटडाउन करूनही नाही. वेक ऑन लॅनसाठी आणि बीएमसीसाठी तिला स्टँडबाय वीज सतत मिळत राहते, एटीएक्स पुरवठ्यात ५ व्होल्ट, अनेक सर्व्हरमध्ये १२ व्होल्ट. चिपमधलं फर्मवेअर एकदा अडकलं की तुम्ही सर्व्हर दहा वेळा बंद-चालू करा, ते त्याच अडकलेल्या स्थितीत राहतं, कारण त्याच्या दृष्टीने वीज कधी गेलेलीच नाही. बीएमसीच्या पानावरून दिलेली "पॉवर सायकल" सुद्धा बहुधा स्टँडबाय वीज तोडत नाही.

करायचं असं. सिस्टिम नीट शटडाउन करा. सगळ्या पॉवर कॉर्ड काढा. दोन पुरवठे असतील तर दोन्ही, एक राहिली तर सगळं व्यर्थ. मग पॉवरचं बटण २० ते ३० सेकंद दाबून धरा, म्हणजे कपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. पाच मिनिटं थांबा, घाई करू नका. कॉर्ड लावल्यावर बीएमसी पूर्ण सुरू व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्या आणि मगच सर्व्हर चालू करा. बीएमसी आणि लॅनची चिप यांच्यात बाजूची एक वाट असते, त्यामुळे बीएमसी अर्धवट असताना सुरुवात झाली तर कधीकधी पुन्हा गोंधळ होतो.

कार्ड आलं तर तारीख लिहून ठेवा. एकदाच झालं तर सोडून द्या. महिन्यात पुन्हा झालं तर बायोस, बीएमसी आणि लॅन चिप यांची फर्मवेअर आवृत्ती तपासायची वेळ झाली.

बायोस, बॅटरी, जंपर

बायोसमध्ये "ऑनबोर्ड लॅन", "एम्बेडेड एनआयसी" किंवा "इंटिग्रेटेड डिव्हाइसेस" असं काहीतरी असतं. ते चालू आहे का बघा. पीएक्सई बंद असल्याने कार्ड गायब होत नाही, तो फक्त नेटवर्कवरून बूट करण्याचा पर्याय आहे. या दोघांची गल्लत फार होते.

डेलच्या सर्व्हरमध्ये एक वेगळा पर्याय असतो: ऑपरेटिंग सिस्टिमपुरतं बंद. त्यात पोर्ट व्यवस्थापनासाठी चालत राहतो, दिवे लागतात, आयड्रॅक (डेलची बीएमसी) उघडतं, पण सिस्टिमला कार्ड दिसत नाही. सगळं जिवंत दिसतंय आणि यादी रिकामी, असं असेल तर हा पर्याय शोधा.

सेटिंग चालूच दिसत असेल तरी एकदा बंद करा, सेव्ह करा, सर्व्हर सुरू होऊ द्या, मग वीज काढून पुन्हा चालू करा. कधीकधी फर्मवेअरने साठवलेली जुनी नोंद यानेच निघते. यानेही झालं नाही तर डीफॉल्ट सेटिंग. पण त्याआधी बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. डीफॉल्टमुळे डिस्क कंट्रोलरचा रेड मोड किंवा यूईएफआय-लेगसी बूटचा प्रकार बदलला तर लॅन शोधता शोधता सर्व्हर बूटच होईनासा होतो, आणि ही मोठी आपत्ती आहे.

बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी ३ व्होल्टची असते. मीटरवर २.७ च्या खाली दिसली तर मी विचार न करता बदलतो. वेळ आणि तारीख दर वेळी मागे जात असेल तर मीटरचीही गरज नाही. बॅटरी गेली की वीज गेल्यावर सेटिंग पुसली जातात आणि तुम्ही चालू केलेलं लॅन पुन्हा बंद होऊ शकतं.

काही बोर्डांवर लॅन बंद करण्याचा जंपरच (पिनांवर बसवायची छोटी टोपी) असतो. सुपरमायक्रोच्या अनेक बोर्डांवर त्याचं नाव जेपीएल१ आहे. साफसफाई करताना तो हलला असेल तर बायोसमध्ये कितीही शोधा, पर्याय सापडत नाही.

झाकण उघडल्यावर

आता कॉर्ड काढलेल्या असाव्यात आणि मनगटावर अर्थिंगचा पट्टा असावा.

"ऑनबोर्ड" म्हणतो ते कार्ड खरंच बोर्डावर सोल्डर केलेलं आहे का, हे आधी बघा. बऱ्याच रॅक सर्व्हरमध्ये ते वेगळं छोटं कार्ड असतं. एचपीईच्या सर्व्हरमध्ये फ्लेक्सिबललॉम, डेलमध्ये नेटवर्क डॉटर कार्ड, नव्या सर्व्हरमध्ये ओसीपी ३.०. तसं असेल तर स्क्रू सोडवून कार्ड बाहेर काढा, सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि सरळ दाबून परत बसवा. खोडरबर वापरू नका, तो सोन्याचा पातळ थर खरवडतो आणि कण आत सोडतो. वाहतुकीनंतर हे कार्ड केसभर उचललं गेलं की यादीतून जातं. आणि ते खरंच मेलं असेल तरी फक्त तेवढं कार्ड बदलता येतं, बोर्ड नाही.

दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो प्रोसेसर काढला असेल किंवा त्याच्या सॉकेटमधली एखादी पिन वाकली असेल तर त्या बाजूचं उपकरण दिसत नाही. बोर्डाच्या माहितीपत्रकातली ब्लॉक आकृती बघा. "प्रोसेसर बदलला आणि लॅन गेलं" याचं उत्तर तिथे सापडतं. पिन सरळ करण्याचं काम मात्र स्वतः करू नका.

शक्य असेल तर जोडलेली इतर सगळी पीसीआय कार्डं काढून फक्त ऑनबोर्ड लॅनवर सुरू करून बघा. खूप कार्डं असली की मेमरीच्या पत्त्यांची जागा अपुरी पडते. अशा वेळी डीएमईएसजीमध्ये "बार"ला (कार्डाने मागितलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याला) जागा नसल्याच्या ओळी दिसतात. बायोसमध्ये ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांचा पर्याय चालू केल्याने बऱ्याचदा ते सुटतं.

दिसतं आणि मग गायब होतं

हा प्रकार सर्वांत जास्त छळतो. लॉगमध्ये "पीसीआयई लिंक लॉस्ट" अशी ओळ शोधा. त्याचा अर्थ, ड्रायव्हरने चिपचा रजिस्टर वाचला आणि सगळे बिट एक आले, म्हणजे पलीकडे कुणी नव्हतं.

माझा पहिला संशय वीज वाचवण्याच्या सेटिंगवर, म्हणजे एएसपीएमवर असतो. काही चिप आणि बोर्डांच्या जोड्यांत लिंक झोपते ती नीट उठत नाही. बायोसमध्ये ते बंद करा, किंवा कर्नलला "पीसीआयई अंडरस्कोर एएसपीएम बरोबर ऑफ" असं सांगून आठवडाभर बघा. दुसरा संशय उष्णतेवर. एक्स५४० सारख्या १० गिगाबिट तांब्याच्या तारेच्या चिप खूप तापतात. सर्व्हरचा हवेचा झोत अडला असेल, हीटसिंकचा पॅड वाळला असेल, तर भर लोडमध्येच कार्ड जातं. झाकण उघडं ठेवून सर्व्हर चालवू नका, त्याने झोत उलट बिघडतो.

रीस्टार्ट न करता तात्पुरतं परत आणायचं असेल तर सिसएफएसमधून (कर्नलची उपकरणं फाइलींसारखी दाखवणाऱ्या फोल्डरमधून) ते पीसीआय उपकरण "रिमूव्ह" करून बस "रीस्कॅन" करता येते. कधी चालतं, कधी नाही. चाललं तरी तो दोष सुटला असं समजू नका.

इथे थांबा

लॉगमध्ये "एनव्हीएम चेकसम इज नॉट व्हॅलिड" आणि त्यानंतर प्रोब (ड्रायव्हरची कार्ड सुरू करण्याची पायरी) उणे ५ ने फसल्याची ओळ असेल, तर चिपच्या कायमच्या स्मृतीतली माहिती बिघडली आहे. ड्रायव्हर मुद्दाम नकार देतो, कारण बिघडलेल्या माहितीवर चिप चालवणं धोक्याचं. तसंच आय२१० चा क्रमांक १५३३ ऐवजी १५३१ दिसत असेल तर चिप कोरी आहे, तिच्यात काही लिहिलेलंच नाही. अशी माहिती सॉफ्टवेअरमुळेही बिघडू शकते. २००८ साली लिनक्स २.६.२७ च्या चाचणी आवृत्त्यांत ई१०००ई कार्डांची ही स्मृती खराब होत होती आणि शोधाअंती कारण निघालं कर्नलच्या एफट्रेस (कर्नलच्या कामाचा माग काढणारं साधन) या भलत्याच भागात. असा संदेश दिसला तर एकदा वीज काढून बघा. फरक पडला नाही तर थांबा. ईथटूल या कमांडने ही स्मृती लिहिता येते आणि इंटरनेटवर त्याच्या कृतीही सापडतात. दुसऱ्या बोर्डाची माहिती आपल्यावर लिहून दोन्ही कार्डांना एकच मॅक आलेला आणि एक बोर्ड कायमचा गेलेला मी पाहिला आहे. हे काम त्या बोर्डाची नेमकी फाइल असलेल्या सेवाकेंद्राचं.

चिप हाताला चटका बसेल इतकी तापते, जळका वास येतो, चिपजवळ काळा डाग आहे किंवा वीज कडाडल्यानंतर त्याच क्षणी पोर्ट गेला आहे, अशा वेळी सर्व्हर पुन्हा चालू करून बघू नका. पोर्टातल्या ट्रान्सफॉर्मरचं विलगीकरण १५०० व्होल्टच्या चाचणीला उतरलेलं असतं, पण विजेचा झटका त्याहून कितीतरी मोठा असतो. शॉर्ट झालेली चिप बोर्डाचा बाकी भागही ओढून नेते. पॉवर सप्लाय उघडू नका, त्यातली वीज कॉर्ड काढल्यावरही राहते.

सर्व्हर वॉरंटीत असेल तर झाकणाआतलं काही करण्याआधी फोन करा. आणि लॅन चिपचं फर्मवेअर अपडेट करायचं झालं तर फक्त त्या मॉडेलसाठी उत्पादकाने दिलेलंच घ्या, त्याची सूचनाही वाचा. चुकीचं अपडेट चालतं कार्ड मारू शकतं.

बोर्डावरची चिप खरंच गेली आणि बाकी सर्व्हर ठणठणीत असेल तर बोर्ड न बदलता पीसीआय स्लॉटमध्ये वेगळं नेटवर्क कार्ड लावणं हा माझा आवडता मार्ग आहे. आधी बायोसमधून ऑनबोर्ड लॅन बंद करा, नाहीतर अर्धमेली चिप सुरुवातीलाच सर्व्हर अडवू शकते. बीएमसी तोच पोर्ट वाटून घेत असेल तर तिला स्वतंत्र पोर्टावर हलवा.

तंत्रज्ञाला बोलावण्याआधी एवढं एका फाइलमध्ये जमवा: सर्व्हरचं मॉडेल, बायोस आणि बीएमसीची आवृत्ती, बीएमसीचा घटनांचा लॉग, पीसीआय यादीचं पूर्ण आउटपुट, डीएमईएसजी, बिघाड पहिल्यांदा कधी दिसला, त्याआधी काय बदललं होतं, आणि दोन्ही कॉर्ड काढून वीज पूर्ण घालवली होती की नाही. शेवटचा प्रश्न मी आल्या आल्या विचारतो. उत्तर "नाही" असेल तर मी आधी तेच करतो.